कॉर्टिसॉलची चाचणी : रक्तातला 'ताण' नेमका मोजतात कसा?

सुजलेला चेहरा, सुटलेलं पोट, पहाटे तीनला उघडणारे डोळे. इन्स्टाग्रामच्या रील्सवर विश्वास ठेवला, तर या सगळ्यामागे एकच गुन्हेगार आहे, तो म्हणजे कॉर्टिसॉल. 'कॉर्टिसॉल फेस'चे व्हिडिओ, 'कॉर्टिसॉल डिटॉक्स'ची पेयं आणि तपासण्यांच्या पॅकेजमध्ये जोडलेली 'स्ट्रेस हार्मोन टेस्ट' असा हा बाजार आहे.

ही चाचणी मात्र खोटी नाही. योग्य रुग्णात ती जीव वाचवते. पण रिपोर्टवर छापलेला आकडा तीन गोष्टींवर ठरतो. रक्त कधी घेतलं, ते प्रयोगशाळेपर्यंत कसं पोहोचलं आणि कोणत्या पद्धतीने मोजलं. यातली तिसरी गोष्ट रुग्ण सहसा विचारत नाही. 'लिक्विड क्रोमॅटोग्राफी' हा शब्द तिथेच येतो.

थोडक्यात सांगायचं तर...

- कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही तणावाच्या वेळी वाढणारी प्रमुख हार्मोन्स.
- नेहमीची चाचणी अँटिबॉडी वापरते. सारख्या दिसणाऱ्या औषधांमुळे ती फसू शकते.
- लिक्विड क्रोमॅटोग्राफी आधी रेणू वेगळे करते आणि मग मोजते.
- एका आकड्यावरून 'तुम्हाला किती टेन्शन आहे' हे कोणतीही पद्धत सांगू शकत नाही.

'स्ट्रेस हार्मोन्स' म्हणजे कोणती?

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. त्यांच्या आतल्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन येतं. अंधारात पायाखाली साप दिसला की काही सेकंदांत छाती धडधडते, ती याच्यामुळे. त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रिनलिन मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून रक्तात उतरतं. दोघांचंही रक्तातलं आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं.

ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल येतं. ते सावकाश वाढतं आणि तास-दीड तासात निम्मं होतं. रक्तातली साखर टिकवणं, रक्तदाब सांभाळणं, दाह आटोक्यात ठेवणं ही त्याची कामं. म्हणजे कॉर्टिसॉल हे 'वाईट' हार्मोन नाही. ते अजिबात तयार झालं नाही, तर उपचारांशिवाय माणूस जगू शकत नाही.

शरीरावरच्या ताणाची आधुनिक कल्पना हान्स सेली या संशोधकाने १९३६ मध्ये मांडली. अधिवृक्क ग्रंथीच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी केंडॉल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० चं नोबेल मिळालं. आज रील्समध्ये फिरणाऱ्या शब्दामागे एवढा जुना अभ्यास आहे.

मोजायचं तरी किती?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण तीन लिटर प्लाझ्मा असतो. प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी बाजूला काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव. सकाळच्या वेळी त्यातलं सगळं कॉर्टिसॉल गोळा केलं, तर ते सुमारे ३०० मायक्रोग्रॅम भरेल. मिठाचा बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा धरला, तर हे झाले पाच कण.

अ‍ॅड्रिनलिन त्याहून कितीतरी कमी. शांत पडून राहिलेल्या माणसाच्या अख्ख्या प्लाझ्मात ते एक मायक्रोग्रॅमच्या पाव भागाहूनही कमी असतं. मिठाच्या एका कणाचे शेकडो तुकडे करून त्यातला एक उचलावा, इतकं. प्रयोगशाळेच्या हातात तर तीन लिटर नव्हे, एखाद-दोन मिलिलिटर नमुनाच असतो. शिवाय त्यात प्रथिनं, चरबी, साखर, औषधं आणि हजारो इतर रेणूंची गर्दी असते.

नेहमीची चाचणी कुठे फसते?

बहुतेक प्रयोगशाळांत कॉर्टिसॉल 'इम्युनोअसे' पद्धतीने मोजतात. कॉर्टिसॉलला ओळखून पकडणारी अँटिबॉडी वापरायची आणि किती पकडलं गेलं ते पाहायचं. याच तत्त्वाची रेडिओइम्युनोअसे पद्धत विकसित केल्याबद्दल रोझलिन यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. पद्धत जलद आहे, स्वस्त आहे आणि बहुतेक रुग्णांत पुरेशीही आहे.

अडचण आहे ती कुलूप-किल्लीची. एखाद्या कुलपाला थोडी वेगळी किल्लीही लागून जाते, तसं अँटिबॉडीचं होतं. दमा, संधिवात, त्वचेचे आजार यांत दिलं जाणारं प्रेडनिसोलोन हे औषध कॉर्टिसॉलसारखंच दिसतं. फरक केवळ दोन हायड्रोजन अणूंचा. त्यामुळे काही चाचण्या प्रेडनिसोलोनलाही कॉर्टिसॉल म्हणून मोजतात. रुग्णाची स्वतःची ग्रंथी औषधामुळे झोपलेली असते, पण रिपोर्ट 'नॉर्मल' येतो.

हा धोका प्रिस्क्रिप्शनपुरता मर्यादित नाही. सांधेदुखीवर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वारंवार उघड झाले आहेत. पुडी घेतली की गुडघा दोन दिवसांत मोकळा होतो, भूक लागते, चेहरा गोल दिसू लागतो. घेणाऱ्याला आपण स्टेरॉइड घेतोय हे माहीतच नसतं. मग तो डॉक्टरांना सांगणार तरी काय?

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचाही त्रास होतो. काही इम्युनोअसे किटच्या रचनेतच बायोटिनचा वापर असतो. रक्तात ते जास्त असेल, तर कॉर्टिसॉलचा आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो.

लिक्विड क्रोमॅटोग्राफी काय वेगळं करते?

पेणहून रोह्याकडे जाणारी रेल्वे लाइन डोळ्यांसमोर आणा. वाटेत कासू, नागोठणे आणि निडी ही स्टेशनं लागतात. कोकणात जाणारी एक्स्प्रेस निडीला न थांबता निघून जाते. दिवा-रोहा पॅसेंजर मात्र प्रत्येक ठिकाणी थांबते. दोन्ही गाड्या पेणहून एकाच वेळी सोडता आल्या असत्या, तर रोह्याला त्या वेगवेगळ्या वेळी पोहोचल्या असत्या. रोह्याच्या फलाटावर घड्याळ घेऊन बसलेल्या माणसाला निव्वळ वेळेवरून गाडी ओळखता आली असती.

क्रोमॅटोग्राफी हेच करते. इथली 'लाइन' म्हणजे 'कॉलम' नावाची धातूची नळी. लांबी साधारण ५ ते १५ सेंटिमीटर आणि आतली पोकळी दोन ते साडेचार मिलिमीटर. तिच्यात सिलिकाचे काही मायक्रोमीटर आकाराचे कण गच्च भरलेले असतात. कणांच्या पृष्ठभागावर १८ कार्बन अणूंच्या तेलकट साखळ्या चिकटवलेल्या असतात, म्हणून या कॉलमला 'सी-१८' म्हणतात. त्यातून पंप पाणी आणि मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल यांचं मिश्रण ढकलत राहतो. कण इतके बारीक की त्यासाठी शेकडो बार दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो.

नमुन्याचा थेंब या प्रवाहात सोडला की शर्यत सुरू होते. पाण्यात रमणारे रेणू भराभर पुढे जातात. तेलकट साखळ्यांची ओढ असणारे रेणू चिकटत, सुटत, थांबत-थांबत येतात. प्रत्येक रेणूची बाहेर पडण्याची वेळ ठरलेली असते आणि तिथे पडद्यावर एक टोकदार शिखर उमटतं. शिखर कधी आलं यावरून रेणू कोणता ते कळतं आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून किती आहे ते कळतं.

मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीतून अशीच वेगळी केली होती. रंगांचे पट्टे दिसले म्हणून नाव पडलं क्रोमॅटोग्राफी, म्हणजे 'रंगलेखन'. पुढे मार्टिन आणि सिंज यांना या तंत्राच्या प्रगत रूपासाठी १९५२ चं नोबेल मिळालं. आज मोजले जाणारे बहुतेक रेणू रंगहीन आहेत, नाव मात्र तेच राहिलं.

कॉर्टिसॉल मोजण्याच्या पायऱ्या

*पहिली : सफाई.* प्लाझ्मा थेट कॉलममध्ये घातला तर प्रथिनांनी नळी तुंबेल. म्हणून आधी अ‍ॅसिटोनायट्राइलसारखं द्रावक घालून प्रथिनं साकळवतात आणि गाळ खाली बसवतात. रक्तातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कॉर्टिसॉल प्रथिनांना धरून बसलेलं असतं. तेही या पायरीत सुटं होतं.

*दुसरी : ओळखीचा जोडीदार.* सफाईत थोडं कॉर्टिसॉल वाया जातंच. किती गेलं हे कळावं म्हणून सुरुवातीलाच नमुन्यात ठरावीक प्रमाणात 'जड' कॉर्टिसॉल घालतात. त्यातले काही हायड्रोजन अणू ड्युटेरियमचे असतात. वागणूक जवळपास तीच, वजन थोडं जास्त. समजा, जोडीदार १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर इतका घातला. वाटेत दोघांचेही ३० टक्के रेणू हरवले. तरी शेवटी खऱ्या कॉर्टिसॉलचं शिखर जोडीदाराच्या १.४ पट भरलं, तर मूळ उत्तर १४ हेच येतं. नुकसान दोघांचं सारखं, म्हणून गुणोत्तर बदलत नाही.

*तिसरी : वेगळं करणं.* नमुना कॉलममधून जातो. याला काही मिनिटं पुरतात.

*चौथी : वजन.* कॉलमच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर असतो. तो रेणूंना विद्युतभार देतो, वजनानुसार निवडतो, फोडतो आणि तुकड्यांचं वजन पुन्हा तपासतो. कॉर्टिसॉलचा रेणू ३६२ वजनाचा. एक प्रोटॉन चिकटून तो ३६३ होतो आणि फुटल्यावर १२१ वजनाचा तुकडा देतो. ही जोडी त्याची ओळख ठरते.

एवढा अचूक वजनकाटा असताना कॉलम कशाला हवा? कारण वजनही फसवतं. शरीरात कॉर्टिसॉलपासून बनणारं कॉर्टिसोन आणि गोळीतून येणारं प्रेडनिसोलोन, दोघांचं रासायनिक सूत्र एकच, म्हणून वजनही तेच, ३६०. निव्वळ काट्याला हे दोघे सहज वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय निसर्गातला साधारण दर शंभरावा कार्बन अणू किंचित जड असतो. त्यामुळे प्रेडनिसोलोनच्या शंभरातले तीनेक रेणू दोनने जड निघतात आणि काट्यावर कॉर्टिसॉलच्या जागी येऊन बसतात. प्रेडनिसोलोनचा डोस मोठा असेल, तर हे तीन टक्केही गोंधळ घालायला पुरेसे ठरतात. त्यांना आधीच वेगळं करायचं काम कॉलमचं. घाईत चालवलेल्या पद्धतीत दोघे एकत्र बाहेर पडू शकतात, म्हणून प्रयोगशाळेला आपली पद्धत या औषधांवर आधी तपासून घ्यावी लागते.

यातल्या अ‍ॅसिटोनायट्राइलचा रायगडशीही संबंध आहे. पाताळगंगा आणि पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ इथे कारखाने असलेली अल्काइल अमाइन्स ही कंपनी त्याच्या मोठ्या भारतीय उत्पादकांपैकी एक आहे. जगात बरंचसं अ‍ॅसिटोनायट्राइल प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्यांसाठी लागणाऱ्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलचं उपउत्पादन म्हणून मिळतं. २००८ च्या मंदीत गाड्यांची मागणी घटली, ते कारखाने मंदावले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत या द्रावकाचा तुटवडा पडला होता.

अ‍ॅड्रिनलिनसाठी वेगळी युक्ती

अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन अत्यल्प असतात, पण त्यांचं सहज ऑक्सिडीकरण होतं. याच गुणाचा फायदा घेऊन कॉलमच्या टोकाला इलेक्ट्रोड ठेवतात. रेणू तिथे पोहोचताच इलेक्ट्रॉन सोडतो आणि सूक्ष्म विद्युतप्रवाह नोंदला जातो. त्याआधी प्लाझ्मा अल्क धर्मी करून अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीत ढवळतात. हार्मोन्स तिला चिकटतात, बाकीचं धुतलं जातं आणि मग थोड्या आम्लाने हार्मोन्स परत सोडवून घेतात.

इथेही घोळ होऊ शकतो. साध्या तापाच्या पॅरासिटामॉलचाही इलेक्ट्रोडवरच्या काही चाचण्यांत अडथळा येतो. म्हणून चाचणीआधी घेतलेली प्रत्येक गोळी सांगावी लागते, 'ती काय, साधीच' वाटली तरीही.

निडीतून मुंबईपर्यंत : नमुन्याचा प्रवास

अशी यंत्रं गावोगावी नसतात. निडीसारख्या ठिकाणच्या माणसाचं रक्त रोहा किंवा पेणला घेतलं जाईल आणि नमुना बहुधा शंभरएक किलोमीटरवरच्या मुंबई-नवी मुंबईच्या प्रयोगशाळेत जाईल. चाचणीचा निकाल बराचसा या वाटेवर ठरतो.

कॉर्टिसॉल बऱ्यापैकी चिवट आहे. पेशी वेगळ्या केल्यावर फ्रिजच्या तापमानाला ते काही दिवस टिकतं. अ‍ॅड्रिनलिनचं तसं नाही. त्यासाठी रक्त न गोठू देणारं द्रव्य असलेली नळी हवी, ती लगेच बर्फात जायला हवी, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा पटकन वेगळा करायला हवा आणि तो गोठवूनच पाठवायला हवा. एप्रिलच्या दुपारी नळी टेबलावर तासभर राहिली, तर मुंबईतलं कोट्यवधींचं यंत्रही त्यात जे उरलं आहे तेच मोजेल. त्यामुळे अ‍ॅड्रिनलिनसारख्या चाचणीसाठी नमुना दूरवरून पाठवण्यापेक्षा रुग्णाने स्वतः मोठ्या केंद्रावर जाणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

रक्त घेण्याची रीतही महत्त्वाची. सुई टोचण्याच्या भीतीनेच अ‍ॅड्रिनलिन वाढतं. म्हणून शिरेत आधी बारीक नळी बसवून रुग्णाला २० ते ३० मिनिटं शांत झोपवून ठेवतात आणि मग रक्त घेतात. धावत लोकल पकडून आलेल्या माणसाचं रक्त खुर्चीत बसवून लगेच काढलं, तर आकडा आजाराचा की धावपळीचा, हे सांगता येत नाही.

खरी गरज कुणाला?

*कुशिंग सिंड्रोम :* शरीरात दीर्घकाळ जास्त कॉर्टिसॉल. चेहरा गोल होतो, पण त्यासोबत पोटावर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, नव्याने वाढलेली साखर आणि रक्तदाब अशी लक्षणं दिसतात. नुसता सुजलेला चेहरा म्हणजे कुशिंग नव्हे.

*कॉर्टिसॉलची कमतरता :* ग्रंथीच्या आजाराने, किंवा दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केल्याने. थकवा, उलट्या, घसरलेला रक्तदाब आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू. म्हणूनच पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय आला, तरी ती स्वतःहून एकदम बंद करू नये. डॉक्टरांकडे जावं आणि पुडी सोबत न्यावी.

*फिओक्रोमोसायटोमा :* अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातली दुर्मीळ गाठ. डोकेदुखी, दरदरून घाम, छातीत धडधड आणि उसळणारा रक्तदाब यांचे झटके येतात. यात अ‍ॅड्रिनलिनऐवजी त्याच्या विघटनातून बनणारी मेटानेफ्रिन्स मोजतात. अ‍ॅड्रिनलिन झटक्यांतच उसळू शकतं, तर मेटानेफ्रिन्स गाठीत सतत तयार होत असतात. प्लाझ्मातली मेटानेफ्रिन्स मोजायला लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटरची जोडी सर्वांत भरवशाची मानली जाते. गाठ न ओळखता रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी भूल दिली, तर जीवावर बेतू शकतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाचा एंडोक्रायनोलॉजी विभाग या आजारावरच्या उपचारांसाठी आणि संशोधनासाठी ओळखला जातो. महापालिकेचं रुग्णालय असल्याने राज्यभरातले रुग्ण तिथे येतात.

रिपोर्टवरचा आकडा कसा वाचायचा?

सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. मध्यरात्री ते अगदी खाली येतं. त्यामुळे वेळ न लिहिलेला कॉर्टिसॉलचा आकडा म्हणजे तारीख नसलेली पावती. काही प्रयोगशाळा नॅनोमोल प्रति लिटर वापरतात. त्याला २७.६ ने भागलं की मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरचा आकडा मिळतो.

गर्भारपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेताना कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं. एकूण आकडा फुगतो, पण आजार नसतो. इथे क्रोमॅटोग्राफीही मदत करत नाही, कारण आकडा खरा असतो, फक्त अर्थ वेगळा असतो.

पद्धत बदलली की सीमारेषाही बदलते. ग्रंथीची ताकद पाहण्यासाठी एसीटीएचचं इंजेक्शन देऊन कॉर्टिसॉल मोजतात. जुन्या इम्युनोअसेनुसार १८ च्या खाली उत्तर आलं की कमतरता मानत. क्रोमॅटोग्राफीचे आकडे कमी येतात, त्यामुळे ही रेषा १४-१५ च्या आसपास येते. नव्या पद्धतीचा आकडा जुन्या रेषेने वाचला, तर धडधाकट माणसाला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ शकतात.

मग ताण मोजता येतो की नाही?

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. पर्यटनाच्या हंगामात वाघांमधली तणावाची हार्मोन्स वाढलेली आढळली. यासाठी त्यांनी रक्त घेतलंच नाही, विष्ठेचे नमुने तपासले. वाघाला पकडून सुई टोचणं हाच एवढा मोठा ताण, की मग मोजायचं काय उरलं? शिवाय रक्त त्या एका क्षणाचं सांगतं आणि विष्ठा बऱ्याच तासांचा हिशेब देते.

माणसांतही तसंच आहे. रक्तातला आकडा त्या मिनिटाचा असतो. कर्जाचा हप्ता, परीक्षेची भीती, घरातलं आजारपण यांनी पोखरलेल्या माणसाचं सकाळचं कॉर्टिसॉल अगदी 'नॉर्मल' येऊ शकतं. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे त्याचा त्रास खोटा, असा अर्थ होत नाही. कुशिंगच्या संशयातही डॉक्टर एका आकड्यावर थांबत नाहीत. रात्री उशिराची लाळ, २४ तासांची लघवी किंवा रात्री ११ ला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी पुन्हा कॉर्टिसॉल, अशा तपासण्या करतात.

चाचणी करण्याआधी हे विचारा

- ही तपासणी कोणत्या आजाराच्या शंकेने करायची आहे? उत्तर नसेल, तर पैसे वाचवा.
- रक्त किती वाजता द्यायचं? रिपोर्टवर ती वेळ लिहिली जाईल का?
- पद्धत कोणती, इम्युनोअसे की लिक्विड क्रोमॅटोग्राफी? संदर्भमर्यादा त्याच पद्धतीच्या आहेत का?
- नमुना इथेच वेगळा करून थंड ठेवला जाणार, की तसाच पाठवणार?
- गोळ्या, इनहेलर, त्वचेची मलमं, सांध्यातली इंजेक्शनं, बायोटिन आणि पुड्या, या सगळ्यांची यादी दिली का?

यातली शेवटची यादी घरी बसून, काहीही खर्च न करता करता येते. चेहरा गोल होण्याचं कारण अनेकदा रक्तात शोधण्याआधी तिथेच सापडतं.